बांधाच्या आत मरायचं नाही

बाळांनो,

मागच्या महिन्यात तुमची पणजी गेली. तेराव्याचा कार्यक्रम तुम्ही तिकडून फोनवर पाहिलात. मांडवात एकेक जण माइक हातात घेऊन उठला आणि म्हणाला, या माउलीनं उभ्या जन्मात मुंगीलासुद्धा दुखावलं नाही. ते ऐकून तुम्ही मला विचारलंत, मग धाकटी आजी का आली नाही? मी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. आजूबाजूला माणसं होती. आता मांडव उतरला आहे, घरात मी आणि तुमचे आजोबा दोघंच आहोत आणि ते दुपारी झोपतात. म्हणून आता लिहिते. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आधीचं आधी आणि नंतरचं नंतर सांगावं, असं मुलांना बजावत आले. तसंच सांगते. वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या, पण तिला म्हणावं, मधलं काही गाळू नकोस.

धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ, आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. आमचं घर धर्मापुरीच्या अलीकडे, शेतातच. धाकटे भावजी उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याला निघाले आणि परळीच्या रस्त्यावर वीज केंद्राची राख नेणाऱ्या टँकरखाली सापडले. त्या सकाळी ते न खाता गेले होते. धाकटीनं पीठ मळलं होतं, तवा तापत होता. ते म्हणाले, "नंबर लावायचा हाय, तितंच खातो कायतरी." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीनंही ऐकलं. पण दहावा व्हायच्या आत सासूबाईंनी आपलं एक वाक्य तयार केलं, "हिनं माझं लेकरू उपाशी धाडलं." भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या ते सांगत. धाकटी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत थांबत आणि मग सांगत. आम्ही जेवायला बसलो की तिच्या ताटाकडे बघून म्हणत, "खा बाई, पोट भरून खा. तुला कुणी उपाशी धाडणार न्हाई."

धाकटीला मूलबाळ नव्हतं. माहेर तलवाड्याकडचं, तिथं भावांचाच संसार ओढाताणीचा. इथं राहायचं तर भाकरीबरोबर ते वाक्य गिळायचं, किंवा स्वतःचं काहीतरी करायचं. वर्षभरानं तिनं आजोबांकडे मागच्या शेततळ्यात मासे सोडायची परवानगी मागितली. तळं मोसंबीसाठी खणलेलं, आतून काळं प्लास्टिक घातलेलं. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. सासूबाईंच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ. आजोबांनी डोकं खाजवलं आणि आईला विचारलं.

संध्याकाळी सासूबाई बाजेवर बसून म्हणाल्या, "पाणी हाय, मासे जगतील. जगू द्या. पण माझ्या बांधाच्या आत जीव जायचा न्हाई. बाहेर नेऊन काय करायचं ते कर, मला दिसत न्हाई. आत एक जरी मेला, त्या दिवशी तळं बंद. बोल, हाय कबूल?"

धाकटी म्हणाली, "हाय."

"बगळ्यानं खाल्ला तर?" आजोबांनी विचारलं. त्यांना कायद्याची बारीक बाजू बघायची सवय.

"बगळ्याचं पाप बगळ्याला."

अशा रीतीनं आमच्या शेतात ऑक्सिजनचं सिलिंडर आलं. तुम्हाला कदाचित वाटेल, मासा पाण्यातला, त्याला हवा कशाला? मासा पाण्यात विरघळलेली हवा घेतो. टाकीत दाटीवाटीनं मासे भरले की ती हवा थोड्या वेळात संपते आणि पाणी असूनही मासा गुदमरतो. म्हणून टेम्पोत मोठी टाकी, टाकीत बर्फ घालून गार केलेलं पाणी, बाजूला उभं सिलिंडर (एरवी ते आमच्या गोठ्यात असे), त्याला नळी आणि नळीच्या टोकाला सच्छिद्र दगड. सिलिंडरची चावी फिरवली की दगडातून बारीक बुडबुडे निघतात आणि मासे परळीच्या बाजारापर्यंत तग धरतात. बाजारात जिवंत माशाला मागणी. गिऱ्हाईक बोटानं दाखवतं, तो कापून द्या, आणि कापताना तो फडफडला तरच ताजा म्हणतं. टेम्पोवाल्याचं आणि धाकटीचं ठरलेलं होतं, मासा आमच्या फाटकाबाहेर पडला की त्याचा, तोपर्यंत धाकटीचा. फाटक म्हणजेच बांध. सासूबाईंची अट आणि धंद्याचा करार एकाच लोखंडी फाटकावर येऊन थांबत होते.

धाकटीनं हे काम चांगलं सांभाळलं. तळ्यात एखादा मासा मेलाच तर उजाडायच्या आत टोपल्याखाली झाकून ओढ्यापलीकडे टाकून यायची. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्या सकाळी टोपल्याकडे बघत आणि विचारत, "कुटं गेलती गं?" धाकटी म्हणायची, "शेण टाकायला." सासूबाई हसत. पकडायची घाई त्यांना नव्हती. मांजर अशी घाई करत नाही.

टेम्पो भरायच्या आदल्या दिवशी धाकटी मासे तळ्यातच एका जाळीच्या चौकोनी पिंजऱ्यात घेऊन ठेवायची. दिवसभर खायला काही द्यायचं नाही. काही वर्षांनी एकदा हा उपाशी दिवस नेमका एकादशीला आला. मी ओट्यावर शेंगदाणे निवडत होते. सासूबाई बाजेवर, धाकटी दोरखंड धुत होती.

"आज मासेबी एकादस धरल्यात का?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हय, धरल्यात."

"खरं सांग. कावून उपाशी ठिवतेस त्यांना?"

धाकटीनं सरळ सांगितलं. "पोटात अन्न असलं की टाकीत घाण करतेत, आत्याबाई. पाणी नासतं. खाल्लेला मासा दमबी लई खातो. मग कितीबी हवा सोडा, पुरत न्हाई. तोंडं वर काढतेत आन् मरतेत."

"म्हंजी खाऊन गेला तर मरतो."

"व्हय."

"आन् उपाशी गेला तर जगतो." सासूबाईंनी माळेचा मणी सरकवला. "माझ्या पोराच्या वक्ताला उलटं झालं बघ."

धाकटी दोरखंड पिळत राहिली. पाणी कधीच निघून गेलं होतं, तरी पिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी बारस. एकादशी केलेल्यांनी बारशीला लवकर उपास सोडायचा असतो आणि आपण घास घ्यायच्या आधी दुसऱ्या कुठल्या तरी जिवाला घालायचा असतो. गाय, कुत्रं, भिकारी, कुणीही चालतं. सासूबाई एरवी गाईला घालत. गुडघ्यांमुळे त्यांनी कित्येक वर्षांत परातीला हात लावला नव्हता. मीच पोळीचा घास करून हातात द्यायची. त्या सकाळी अंघोळ करून आले तर त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीशी परात, कोपरापर्यंत कणीक. कणकेत गूळ घातला होता, तेल घातलं होतं. म्हणाल्या, "मास्तरीण, तू तुझी पूजा कर. आज माझा घास मी करते." मला वाटलं, गाय गाभण आहे म्हणून लाड चाललेत. मी देवघरात गेले.

परत आले तेव्हा परात रिकामी होती आणि काठी जागेवर नव्हती.

धाकटी त्या वेळी फाटकाशी होती. टेम्पो मागे घेताना चाक चारीत जाऊ नये म्हणून टेम्पोवाल्याला हाका मारत होती. तो परळीचा. तोंड सतत चालू. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं फोन, त्यावर कुणाला तरी ओरडत होता. "येतो बे, येतो! मासे हायत, बस न्हाई ही, हात केला की थांबायला." टेम्पो तळ्याशी लागला. दोघांनी जाळीचा पिंजरा कडेला ओढला आणि पाट्या भरभरून मासे टाकीत घातले. रोहू होते, हातभर लांब, तांबूस परांचे. निम्मी टाकी भरल्यावर टेम्पोवाल्यानं एक मासा पालथा करून पाहिला.

"काकी, ह्यांची पोटं बघा की. फुगल्यात. काल खायला घातलंत का काय?"

धाकटीनं मासा हातात घेऊन पोट दाबलं. पांढरा लगदा बाहेर आला. तिनं बोटावर घेऊन हुंगला. गुळाचा वास तिला आला असणार, कारण मी जवळ जाऊन उभी राहिले तेव्हा मलाही आला.

तिनं घराकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "राहिलेले ऱ्हाऊ द्या तळ्यात. आहेत तेवढे घेऊन पळा. फाटक गाठा पैलं."

टेम्पोवाल्यानं चावी जास्त फिरवली, बुडबुडे दाट झाले. तळ्यापासून फाटक म्हणजे मोसंबीच्या दोन ओळी आणि मग आमचं अंगण. एका दमात पोचण्याइतकं अंतर. पण अंगणातून पुढे गेलं की फाटकाच्या मधोमध गड्याकडून बाज टाकून घेतलेली होती आणि बाजेवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर ओवाळायचं ताट.

हे काही नवं नव्हतं. दर खेपेला त्या टेम्पो ओवाळायच्या. आपल्या शेतातून जीव चाललेत, त्यांना हळदकुंकू लावून धाडायचं. पण एरवी हे ओट्याजवळ व्हायचं, टेम्पोच्या काचेला बोट लावलं की झालं. त्या दिवशी बाज फाटकात होती.

"आज्जे, बाज सरकव," टेम्पोवाला ओरडला. "घाई हाय."

"बारस हाय बाबा. ओवाळल्याबिगर कुणी जात न्हाई माझ्या दारातनं."

त्यांनी वात लावली. वाऱ्यानं विझली. परत लावली. मग डोळे मिटून अभंग म्हणायला सुरुवात केली. एक संपला, दुसरा धरला. आवाज चांगला होता त्यांचा, शेवटपर्यंत होता.

टाकीवर फेस आला. आधी कडेला, मग मध्ये, साबणाच्या पाण्यासारखा, पिवळट. फेसातून तोंडं वर यायला लागली. एक, मग पाच-सहा, मग सगळीच. गोल उघडी तोंडं, मिटायची आणि उघडायची. ओल्या चपलांनी कुणी फरशीवर चालावं तसा आवाज येत होता. टेम्पोवाल्यानं चावी पूर्ण उघडली.

"आज्जे, आटप की! मरायलेत हितं!"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. तिसरा अभंग.

आजोबा अंगणात आले होते. धाकटी त्यांना म्हणाली, "दादा, बाज उचला." आजोबांनी बाजेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "संपतच आलंय." आयुष्यात अनेक ठिकाणी त्यांचं हेच वाक्य मी ऐकलं आहे.

मग एक मासा उलटा झाला. पांढरं पोट वर, तसाच तरंगत फिरला आणि बुडबुड्यांवर हलत राहिला. सासूबाईंचा अभंग तिथेच थांबला. अर्ध्या ओळीवर. डोळे मिटून गाणाऱ्या बाईला ते कसं कळलं, हे मला कुणी विचारू नये.

"काढ त्याला," त्या म्हणाल्या. "ठेव हितं."

टेम्पोवाल्यानं मासा काढून बाजेपुढे मातीत ठेवला. सासूबाईंनी काठीच्या टोकानं तो हलवला. हलला नाही.

"फाटक कुटं हाय?" त्यांनी आजोबांना विचारलं.

"तुझ्या मागं."

"मंग ह्यो बांधाच्या आत का बाहेर?"

आजोबा हळूच म्हणाले, "आत."

"झालं तर. तळं बंद."

धाकटी पुढे आली. तिचा आवाज वर गेला नाही. "कणीक कुणी घातली, आत्याबाई?"

"मी. बारशीला घास घालायचा असतो. मासा जीव न्हाई का?"

"काल तुमाला सांगितलं हुतं मी."

"सांगितलंस की. खाऊन गेला तर मरतो म्हनलीस." सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "माझ्या दारातनं उपाशी एकच गेला. तेवढा बास झाला. आता पोटभर खाऊन मरू देत."

मी तिथं होते. मी हे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे.

धाकटी टेम्पोच्या मागच्या बाजूनं वर चढली. मला वाटलं, मेलेले वेगळे काढणार. तिनं सिलिंडरच्या चावीला हात घातला आणि ती बंद केली. बुडबुडे एकदम थांबले. चावी काढून तिनं पदराच्या टोकात बांधली आणि टाकीच्या कडेवर बसली.

"अवो काकी!" टेम्पोवाला धावला. "समदेच मरतील की!"

"फाटकाबाहेर तुझे. आत माझे. खाली हो."

"अवो पर..."

"खाली हो म्हनलं ना."

तो उतरला. बिडी पेटवून मोसंबीच्या सावलीत जाऊन बसला. "घरचं भांडान हाय," मला म्हणाला, "आपुन न्हाई पडत."

आता जे झालं ते लवकर झालं नाही. तुम्हाला तेही सांगायला हवं. मासा माणसासारखा ओरडत नाही म्हणून आपल्याला त्याचं मरण सोपं वाटतं. सगळे मासे वर आले, एकमेकांच्या अंगावर चढले. कल्ले उघडे, आतला लाल रंग दिसत होता. शेपट्यांनी पाणी टाकीबाहेर उडत होतं, धाकटीचं लुगडं भिजत होतं. एकानं उडी मारली आणि अंगणात पडला. धाकटीनं उतरून तो उचलला आणि परत टाकीत टाकला. मग वर जाऊन बसली.

सासूबाईंचा चेहरा उतरत गेला. "धाकटे, सोड. सोड हवा."

"तळं बंद झालं न्हवं? एक मेला काय, समदे मेले काय."

"पाप लागंल!"

"कुणाला?"

सासूबाई आजोबांवर ओरडल्या, "अरं बघतोस काय! काढ ती चावी तिच्याकडनं!" आजोबा टेम्पोपर्यंत गेले. धाकटीनं गाठ सोडून चावी त्यांच्यापुढे धरली. "घ्या दादा. लावा." आजोबांनी चावी हातात घेतली आणि सिलिंडरकडे बघत उभे राहिले. इतकी वर्षं ते सिलिंडर आमच्या गोठ्यात उभं होतं, पण चावी कुठं बसते आणि कुणीकडे फिरवायची, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. विचारलं असतं तर धाकटीनं सांगितलंही असतं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी चावी टाकीच्या कडेवर ठेवली आणि ते माघारी आले.

मग सासूबाईंनी माझ्याकडे हात केला. "मास्तरीण, मला आत ने. मला बघवत न्हाई." सकाळी काठी टेकत तळ्यापर्यंत जाऊन आल्यावर आता आधाराशिवाय त्यांना बाजेवरून उठता येत नव्हतं.

टाकीवरून धाकटी म्हणाली, "अक्का, बसू द्या त्यांना."

मी हात पुढे केला नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आज लिहितानाही वाटत नाही. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. पण कान मिटता येत नाहीत. ओल्या चपलांचा तो आवाज विरळ होत होत थांबला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. टाकीवर पांढऱ्या पोटांचा थर होता. धाकटी उतरली, बाजेचा एक पाय धरून तिनं ती सासूबाईंसकट फाटकातून बाजूला ओढली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "ने. बर्फ टाकून ने." त्यानं नेले. खाणाऱ्यांनी खाल्लेच असतील.

धाकटी दुपारच्या गाडीनं तलवाड्याला गेली. जाताना माझ्या पाया पडली, सासूबाईंच्या नाही. सासूबाईंनी अंगणात गोमूत्र शिंपडून घेतलं, आठवडाभर भजन ठेवलं. आल्यागेल्याला नवं वाक्य सांगू लागल्या, "हातानं हवा बंद केली बाई तिनं. काळीज न्हाई तिला." वाक्य खरं होतं, म्हणून लोकांना ते पटायचं. गुळाच्या कणकेचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आजोबाही सांगत नाहीत.

पणजी गेल्याचा फोन मीच धाकटीला केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जेवून गेल्या का?"

मी म्हणाले, "शेवटचे दोन दिवस काही पोटात गेलं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. हे सगळं असं होतं, म्हणून ती आली नाही.

ती तिकडे कुणाचं तरी शेततळं बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करते. ते लोक माळकरी नाहीत. मासे काठावरच कापून विकते, हवेची भानगड नाही. तब्येत बरी आहे, असं तिचा भाऊ सांगतो.

आमच्या तळ्याचं पाणी मोसंबीला जातं. त्या दिवशी पिंजऱ्यात राहिलेले मासे धाकटीनं जायच्या आधी जाळी कापून तळ्यात सोडले होते, आणि पिंजऱ्यात न आलेले तर होतेच. सासूबाईंचा शब्द आजोबांनी त्यांच्यानंतरही मोडलेला नाही. त्यामुळे त्यांना आत मारता येत नाही, आणि जिवंत बाहेर न्यायचं तर सिलिंडर लावणारं कुणी नाही. रोहूला साचलेल्या पाण्यात पिल्लं होत नाहीत, तेव्हा वाढणारही नाहीत. पण जे आहेत ते आहेत. चांगले मोठे झाले आहेत.